विश्लेषण : भिवंडीच्या कॉलेज बास्केटबॉल संघांनी बाहेरचे सामने खेळायचे कुठे?

बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत एक साधे कलम आहे. सामन्याची ठरलेली वेळ उलटून १५ मिनिटे झाली आणि तरीही संघाला खेळण्यास तयार असे पाच खेळाडू उभे करता आले नाहीत, तर तो संघ २०-० असा हरतो. चेंडू उडालेलाही नसतो. माटुंग्याच्या किंवा चर्चगेटच्या कॉलेजला हे कलम पाठ नसले तरी चालते. भिवंडीच्या कॉलेजला मात्र ते पाठ हवे, कारण मानकोली नाक्यावर एक कंटेनर आडवा झाला की १५ मिनिटे तिथेच संपतात. त्यामुळे कॉलेजच्या आवाराबाहेरचे सामने कुठे खेळायचे, हा प्रश्न इथे खेळाच्या डावपेचांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

प्रश्न नेमका काय?

भिवंडीतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. धामणकर नाक्याजवळचे बी. एन. एन. महाविद्यालय असो किंवा मुलींसाठीचे जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय, त्यांच्या विद्यार्थ्यांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी शहराबाहेर पडावे लागते. विद्यापीठाच्या स्पर्धा विभागवार होतात. यजमानपद घेणाऱ्या कॉलेजकडे सगळ्यांनी जायचे आणि पुढची फेरी गाठली तर मुंबईकडे वळायचे, असा साधारण क्रम असतो. या सामन्यांचे ठिकाण संघाच्या हातात नसते. हातात असतात ते सराव सामने, मैत्रीपूर्ण लढती, आसपासच्या चार-पाच कॉलेजांनी मिळून भरवलेली छोटी लीग. निवड करायची ती याच सामन्यांची.

ही निवड किरकोळ वाटते, पण तसे नाही. विद्यापीठ पातळीवरच्या स्पर्धांत बाद पद्धत सर्रास वापरली जाते. पहिलाच सामना हरला की हंगाम संपला. ४० मिनिटांच्या एका सामन्यासाठी वर्षभर सराव केलेला संघ दुपारी जेवायच्या वेळेला घरी परतलेला असतो. अशा संघासाठी बाहेर, अनोळखी मैदानावर, अनोळखी पंचांसमोर खेळलेले आठ-दहा सराव सामने हाच खरा हंगाम असतो.

ठाणे की कल्याण?

नकाशावर दोन्ही जवळ दिसतात. ठाणे साधारण १५ किलोमीटर, कल्याण दहा-बारा. भिवंडी मात्र मुंबईच्या मुख्य उपनगरी रेल्वेमार्गावर नाही. भिवंडी रोड हे स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे. तिथून एका बाजूला वसई, दुसऱ्या बाजूला कोपर-दिवा असे जाता येते, पण गाड्या मोजक्या आणि त्यांच्या वेळा सामन्यांना सोयीच्या असतीलच असे नाही. म्हणून बहुतेक प्रवास रस्त्यानेच सुरू होतो. शेअर रिक्षा, एसटी किंवा परिवहनची बस पकडून कल्याण वा ठाणे गाठायचे आणि मग लोकल.

ठाण्याच्या रस्त्यावर काल्हेर-कशेळी आणि खाडीवरचा पूल येतो. महामार्गाने गेले तर मानकोली. दोन्हीकडे गोदामांकडे जाणारी-येणारी अवजड वाहने. हाच प्रवास एखाद्या दिवशी पाऊण तासात होतो आणि एखाद्या दिवशी दीड तासातही होत नाही, हा प्रवाशांचा नेहमीचा अनुभव. कल्याणच्या वाटेवर रांजणोली नाका आहे, तिथेही कोंडी आहेच. पण अंतर कमी असल्याने नुकसानही कमी.

सामने आखताना सरासरी वेळ बघून उपयोग नाही, सर्वांत वाईट दिवस बघावा लागतो. सरासरी ५० मिनिटे लागतात म्हणून सव्वा तास आधी निघालेला संघ दहापैकी आठ वेळा वेळेत पोहोचेलही. उरलेल्या दोन वेळा मात्र तो धावत मैदानात येईल, स्नायू मोकळे न करता खेळेल किंवा २०-० ने हरेल. या कसोटीवर कल्याण सरस ठरते. शिवाय कल्याण हे जंक्शन आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडचे संघ एका बाजूने, डोंबिवली आणि ठाण्याचे दुसऱ्या बाजूने, टिटवाळा-शहापूरकडचे तिसऱ्या बाजूने तिथे गाडी न बदलता येऊ शकतात. बिर्ला कॉलेज, सीएचएम यांसारखी मोठी महाविद्यालये याच पट्ट्यात आहेत. यजमान कोणीही असो, चार संघांना एका दिवशी एकत्र आणायचे तर कल्याणसारखी जागा नाही.

ठाण्याला बाद करावे असा याचा अर्थ नाही. रविवारी सकाळी सातला निघणारा संघ ठाण्यात आठला आरामात पोहोचू शकतो. कामाच्या दिवशी दुपारी दोनचा सामना ठाण्यात ठेवणे मात्र जुगार आहे.

सामने भिवंडीतच का नकोत?

हवेतच. शहरात धोबी तलाव भागात परशराम टावरे स्टेडियम आहे. शहराच्या मध्यवर्ती सार्वजनिक मैदानाचे जे होते तेच इथेही होते. खेळांसोबत सभा, मेळावे, कार्यक्रम यांचीही गर्दी. कॉलेजच्या संघाला तारीख मिळणे आणि ती तारीख शेवटपर्यंत टिकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा अडसर पावसाचा. विद्यापीठाचा क्रीडा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो. कबड्डी-खोखोचे संघ चिखलातही काहीतरी सराव करतात. बास्केटबॉलचा चेंडू मात्र ओल्या सिमेंटवर टप्पा घेत नाही, हातातून निसटतो आणि खेळाडूचा पाय सरकतो. त्यात कामवारी नदीला पूर आला की नदीनाका, ईदगाह रोड, तीनबत्तीचा बाजार पाण्याखाली जातो. अशा दिवशी पाहुण्या संघाला भिवंडीत बोलावण्यात अर्थ नसतो.

पावसाळ्यानंतर उघड्या कोर्टाची अडचण वेगळी. ऑक्टोबरात संध्याकाळी पाचला सूर्य खाली आलेला असतो. कोर्टाची लांबी पूर्व-पश्चिम असेल तर एका संघाला थेट सूर्याकडे बघत बास्केट मारावी लागते. उघडे कोर्ट नेहमी उत्तर-दक्षिण आखावे, असा संकेत त्यामुळेच आहे. जुन्या शाळांच्या आवारात जिथे जागा होती तिथे खांब पुरले गेले, दिशा कोणी पाहिली नाही. मैदान भाड्याने घेण्यापूर्वी खिशातल्या मोबाइलवरच्या होकायंत्राने ही गोष्ट अर्ध्या मिनिटात तपासता येते.

इतकी गोदामे आहेत, मग एखाद्यात कोर्ट का नाही?

भिवंडीकडे बाहेरून पाहणाऱ्या कोणालाही हा प्रश्न पडेल. मुंबईला लागून असलेला देशातील सर्वांत मोठ्या गोदाम पट्ट्यांपैकी एक इथे आहे. दापोडा, पूर्णा, वळ, अंजूर, काल्हेरपासून वडपे-पडघ्यापर्यंत छपरेच छपरे. आणि बास्केटबॉल तर जन्मानेच छपराखालचा खेळ. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी तो शोधला तोच मुळी हिवाळ्यात मुलांना आत खेळता यावे म्हणून.

हिशोब करून पाहू. कोर्ट २८ मीटर लांब, १५ मीटर रुंद. चारही बाजूंनी दोन मीटर मोकळी जागा लागते. म्हणजे ३२ गुणिले १९, एकूण ६०८ चौरस मीटर. चौरस फुटांत साधारण साडेसहा हजार. लाख-दोन लाख चौरस फुटांच्या गोदामात हा एक कोपरा झाला. भाड्याचा हिशोबही यातून निघतो. महिना प्रति चौरस फूट जितके रुपये भाडे, गुणिले साडेसहा हजार. दर एका रुपयाने वाढला की महिन्याला साडेसहा हजारांचा फरक. कायमचे कोर्ट कोणत्याही अनुदानित कॉलेजला परवडणार नाही हे इथेच स्पष्ट होते. दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात रिकामी पडलेली जागा चार रविवारांसाठी मिळवणे, एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो.

छताची उंची ही मोठी अडचण नाही. नियमानुसार कोर्टाच्या वर किमान सात मीटर मोकळी जागा हवी. जुने बुटके गाळे यात बसणार नाहीत, पण रॅकवर माल रचण्यासाठी बांधलेली नवी शेड त्याहून उंच असतात. अडचण खांबांची आहे. १९ मीटर रुंदीत एकही खांब नको. जिथे खांबांची ओळ त्याहून जवळ आहे तिथे पूर्ण कोर्ट बसत नाही.

खांबांची अडचण असेल तिथे तीन-तीन खेळाडूंचा ‘थ्री बाय थ्री’ प्रकार बसू शकतो. त्याला १५ बाय ११ मीटरचे अर्धे कोर्ट पुरते, सामना १० मिनिटांचा किंवा २१ गुणांचा. टोक्यो ऑलिम्पिकपासून तो ऑलिम्पिक खेळ आहे. संघाला पूर्ण कोर्ट मिळत नाही तेव्हा हा दुय्यम पर्याय मानला जातो, पण जागेच्या टंचाईत वाढलेल्या शहरासाठी तो पहिला पर्यायही असू शकतो.

त्यानंतर जमीन. गोदामाची जमीन फोर्कलिफ्टच्या वजनासाठी केलेली कडक काँक्रीटची असते. तिच्यावर उड्या मारणे गुडघ्यांना आणि नडग्यांना महागात पडते. वर प्लास्टिकच्या जोडणीच्या टाइल टाकाव्या लागतात. पत्र्याच्या छपरावर जोराचा पाऊस पडू लागला की पंचाची शिट्टी ऐकू येत नाही, हाही एक व्यावहारिक मुद्दा. आणि दमट हवेत गार जमिनीवर दव धरते. ते डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळते.

हे दव किती महागात पडते ते अमेरिकेने पाहिले आहे. ११ नोव्हेंबर २०११ रोजी यूएसएस कार्ल व्हिन्सन या विमानवाहू युद्धनौकेच्या डेकवर नॉर्थ कॅरोलायना आणि मिशिगन स्टेट या विद्यापीठांचा सामना झाला. अध्यक्ष बराक ओबामा प्रेक्षकांत होते. कल्पना गाजली म्हणून पुढच्या वर्षी आणखी नौकांवर सामने ठरले. ९ नोव्हेंबर २०१२ रोजी फ्लोरिडा आणि जॉर्जटाउनचा सामना मध्यंतरालाच थांबवावा लागला आणि ओहायो स्टेट-मार्क्वेट सामना सुरूच होऊ शकला नाही. दोन्हीकडे कारण एकच, लाकडी कोर्टावर साचलेले दव. एवढे मोठे नियोजन फडक्याने पुसून वाचवता आले नाही.

शेवटचा मुद्दा परवानगीचा. गोदाम हे साठवणुकीसाठी मंजूर झालेले असते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार ५० किंवा त्याहून जास्त माणसे जमण्याची जागा वेगळ्या गटात मोडते आणि तिच्या अग्निसुरक्षेच्या अटीही वेगळ्या. प्रत्येकी १२ खेळाडूंचे दोन संघ, प्रशिक्षक, व्यवस्थापक, पंच, गुणलेखक मिळून आकडा ३५ च्या आसपास जातो. पंधरा मित्र टाळ्या वाजवायला आले की पन्नाशी झाली. भिवंडी परिसरात गोदामांना आगी लागण्याच्या घटना नव्या नाहीत. अनधिकृत बांधकामांचा प्रश्नही जुना आहे. शहराभोवतीच्या ६० गावांसाठी एमएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे. त्यामुळे कोणत्याही प्राचार्याने तिथे विद्यार्थी पाठवण्यापूर्वी मालकाकडून भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमन दाखला मागून घ्यायलाच हवा. तो मिळत नसेल तर विषय तिथेच संपतो.

अमेरिकेतील कॉलेजे काय करतात?

तिथे हा प्रश्न पैशांचा आणि प्रतिष्ठेचा आहे. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठाचे स्वतःचे बंदिस्त मैदान साडेपाच हजारांच्या आसपास प्रेक्षकांचे. मोठ्या लढती मात्र ते १९ हजारांहून अधिक आसनांच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळतात. या प्रथेची सुरुवात डिसेंबर १९३४ मध्ये झाली. नेड आयरिश या आयोजकाने गार्डनमध्ये एकाच संध्याकाळी दोन कॉलेज सामने लावले आणि १६ हजारांहून अधिक लोक आले.

पुढे त्याची किंमतही मोजावी लागली. कॉलेजच्या आवारातून सामना बाहेर पडला तसे सट्टेबाज खेळाडूंजवळ पोहोचले. १९५० मध्ये दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा संघ पुढच्याच वर्षी निकालनिश्चितीच्या प्रकरणात सापडला. सात कॉलेजांचे ३२ खेळाडू आणि ८६ सामने या चौकशीत आले. त्यानंतर अनेक कॉलेजांनी गार्डनकडे पाठ फिरवली. भिवंडीत सट्टेबाज बास्केटबॉलमागे लागतील अशी शक्यता नाही, पण सामन्याचा यजमान कॉलेज आहे की कोणी बाहेरचा आयोजक, हा फरक लहान गावातही पडतो. फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा, इथपासून तो जाणवतो.

उपयोगाची गोष्ट आणखी एक. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना सामन्याचे ठिकाण मोजले जाते. पहिल्या ३० मधील संघाला घरच्या मैदानावर हरवले, पहिल्या ५० मधील संघाला तटस्थ मैदानावर हरवले किंवा पहिल्या ७५ मधील संघाला त्याच्या घरी जाऊन हरवले, तर हे तिन्ही विजय एकाच दर्जाचे धरतात. घरी जिंकणे सोपे, बाहेर अवघड, हे तिथे आकड्यांत मांडले आहे. म्हणूनच सराव सामन्यांचे वेळापत्रक घरच्या कोर्टावर भरून ठेवणारा प्रशिक्षक संघाला खोटा विश्वास देत असतो.

नागपाड्याचे महत्त्व काय?

मुंबई सेंट्रलजवळचा नागपाडा ही मुंबईतील बास्केटबॉलची पंढरी म्हणता येईल. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले. पुढे १९३६ मध्ये आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा पाया घालणारे तेच मॅन्शर्ट. या वस्तीतून भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसीर घडले. बच्चूखान महापालिका मैदानावर आजही खेळ चालतो. उघडे कोर्ट, दाट वस्ती, कडेला उभे राहून प्रत्येक चुकीवर मत देणारे प्रेक्षक. संघाला दबाव म्हणजे काय हे तिथे शिकवावे लागत नाही.

भिवंडीशी या भागाचे नाते खेळाच्या आधीचे आहे. नागपाड्याला लागून असलेला मदनपुरा ही विणकर मोमीन-अन्सारी समाजाची जुनी वस्ती, आणि भिवंडीच्या यंत्रमागांवरही हाच समाज मोठ्या संख्येने. दोन्हीकडे नातेवाईक असलेली घरे थोडी नाहीत. रात्रीच्या सामन्यानंतर मुक्कामाचा प्रश्न अशा घरांमुळे सुटतो. मोठ्या कॉलेजांच्या क्रीडा विभागाला हॉटेलची तरतूद करावी लागते. इथे खाला किंवा मामूच्या घरी दहा जणांची सोय होते.

वरळीच्या एनएससीआय डोमचेही नाव निघते. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचे एनबीएचे भारतातील पहिले सामने तिथे झाले. पहिला पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला. बघायला ती जागा उत्तम. कॉलेजच्या सराव सामन्यासाठी तिचा विचार करण्यात वेळ घालवू नये.

मुलींच्या संघाचे काय?

मुलींच्या संघासाठी चेंडू सहा नंबरचा, म्हणजे थोडा लहान, एवढाच फरक नियमांत आहे. प्रत्यक्षात फरक परतीच्या प्रवासात आहे. मुलांचा संघ रात्री नऊला रांजणोलीला उतरून रिक्षा शोधेल. मुलींच्या बाबतीत घरून परवानगी मिळते ती ‘अंधार पडायच्या आत घरी’ या अटीवर. त्यामुळे नागपाड्याचे प्रकाशझोतातले सामने आणि गोदाम पट्ट्यातील आडबाजूची जागा या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीतून आपोआप गळतात. कपडे बदलायची खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह नसलेले मैदानही गळते. उरते ते कल्याण-डोंबिवलीतले एखादे कॉलेज, शनिवार किंवा रविवारी सकाळी नऊचा सामना आणि सोबत शिक्षिका.

एकदा हे मान्य केले की वेळापत्रक मुलींच्या संघापासून आखणे सोयीचे ठरते. त्यांना चालणारी जागा आणि वेळ मुलांना चालतेच, उलट मात्र होत नाही. दोन्ही संघ एकाच बसने गेले तर भाडेही वाटले जाते. अनेक ठिकाणी नेमके उलटे घडते. मुलांचे सामने आधी ठरतात, उरलेल्या तारखा मुलींना मिळतात, मग चार मुलींना घरून नकार येतो. आठ जणींवर नाव नोंदवलेला संघ प्रत्यक्षात चौघींवर येतो आणि पाच खेळाडू उभे न राहिल्याने पुन्हा तेच, २०-०.

खर्च कोणी करायचा?

कॉलेजे क्रीडा शुल्क घेतात, पण त्यात क्रिकेट-कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे बसवायचे असते. कल्याणमध्ये चार कॉलेजांनी मिळून एका दिवसात प्रत्येकी दोन सामने खेळले तर पंचांचे मानधन आणि मैदानाचा खर्च चौघांत विभागला जातो आणि एका प्रवासात दोन सामने पदरात पडतात. महिन्यातून एक असा दिवस, ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे आठ सामने. नागपाड्याची एक फेरी मुलांसाठी, त्याच धर्तीवर मुंबईतील एखाद्या कॉलेजात सकाळचा सामना मुलींसाठी. घरच्या मैदानावर डिसेंबरनंतर, पाऊस आणि ऊन दोन्ही सरल्यावर, पाहुण्यांना परतीचे निमंत्रण. आज उपलब्ध असलेल्या साधनांत याहून चांगली आखणी दिसत नाही.

सरकारी बाजूने तालुका क्रीडा संकुलाची योजना आहे. राज्य सरकारने २०२२ मध्ये त्यासाठीची अनुदान मर्यादा एक कोटीवरून पाच कोटी रुपये केली. त्यात बंदिस्त बहुउद्देशीय सभागृह बसू शकते. बॅडमिंटनसाठी आखलेले सभागृह आणि बास्केटबॉलसाठी आखलेले सभागृह यांत रुंदी-उंचीचा फरक असतो, आणि नकाशा मंजूर होण्यापूर्वी कोणी विचारले नाही तर सहसा बॅडमिंटनचेच बांधले जाते.

मेट्रोने चित्र बदलेल का?

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ चे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणमध्ये झाले. पहिला टप्पा कापूरबावडी ते धामणकर नाका असा आखलेला आहे. म्हणजे बी. एन. एन. महाविद्यालयाच्या जवळपास गाडी येईल आणि ठाण्याचा प्रवास प्रथमच घड्याळावर मोजता येईल. कल्याणकडचा भाग त्यानंतरच्या टप्प्यात. पहिला टप्पा सुरू झाल्यावर वरचे कल्याण विरुद्ध ठाणे हे गणित उलटे होईल. कामाच्या दिवशी दुपारी दोनचा सामना ठाण्यात ठेवता येईल आणि मुंबईच्या संघालाही भिवंडीत बोलावता येईल. तोवर संघ व्यवस्थापकांना कल्याणच्या सामन्यासाठी दीड तास आणि ठाण्याच्या सामन्यासाठी दोन तास हाताशी ठेवूनच निघावे लागेल.